वृक्षवलय-कालमापन

झाडाच्या खोडातील वार्षिक वलयांवरून लाकडाचे साल आणि त्या सालचे हवामान ठरवण्याची पद्धत. खोडात सालीच्या आत वाढत्या पेशींचा पातळ थर असतो. हंगामाच्या सुरुवातीला तो मोठ्या, पातळ भित्तीच्या पेशी घडवतो, अखेरीस लहान आणि जाड भित्तीच्या. फिकट-गडद अशी ही जोडी म्हणजे एक वर्ष. ज्या प्रदेशात पाण्याची ओढ असते तिथे दुष्काळी वर्षाचे वलय अरुंद भरते.

नुसती वलये मोजणे म्हणजे कालमापन नव्हे. वाईट वर्षी एखादे वलय धरतच नाही, कधी एका वर्षात दोन भासतात. म्हणून एका परिसरातील अनेक झाडांचे नमुने घेऊन रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी ताडून पाहतात. ही जुळवणी हाच या शास्त्राचा प्राण. जिवंत झाड त्यासाठी पाडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहून बारीक कांडी काढली की पुरते.

ही पद्धत उभी केली ए. ई. डग्लस (१८६७–१९६२) या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी. सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र पृथ्वीच्या हवामानात उमटते का, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर ते ॲरिझोनाच्या पाइन वृक्षांत शोधत होते. पुढे पुरातत्त्वज्ञांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील प्वेब्लो या आदिवासी लोकांच्या ओसाड वस्त्यांतील तुळया त्यांच्यापुढे ठेवल्या. डग्लस यांच्याकडे आता दोन क्रम झाले. एक जिवंत झाडांपासून मागे १२६० पर्यंत जाणारा, दुसरा अवशेषांतला, ५८५ वर्षांचा, पण कोणत्या सालापासूनचा ते कळेना. वर्षानुवर्षे दोहोंचा सांधा लागला नाही. २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनातील शो लो या गावी एक जळून कोळसा झालेली तुळई उकरून निघाली. तिचे सर्वांत आतले वलय १२३७ चे ठरले आणि दोन्ही क्रम जुळले. एका रात्रीत प्वेब्लो बोनितोसारख्या वस्त्यांना निश्चित साले मिळाली. सांधा इतका अवघड का होता तेही उलगडले: १२७६ ते १२९९ या दीर्घ अवर्षणात वलये अगदी बारीक भरली होती. १९३७ मध्ये टूसॉन येथे डग्लस यांनी या विषयाची स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापली.

कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या नॉर्स (व्हायकिंग) वस्तीचे साल तर वेगळ्याच खुणेवरून लागले. ९९३ मध्ये अंतराळातून आलेल्या किरणांच्या माऱ्याने जगभरच्या झाडांत किरणोत्सारी कार्बन अचानक वाढला होता. वस्तीतल्या लाकडात ते वलय सापडल्यावर तिथून सालीपर्यंतची २८ वलये मोजली आणि झाड १०२१ मध्ये तोडले गेले हे २०२१ साली जाहीर झाले.

उष्ण प्रदेशातील बहुतेक झाडांत वलये स्पष्ट नसतात. साग मात्र उन्हाळ्यात पाने गाळून वाढ थांबवतो, आणि त्याची वलये नीट वाचता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी १९८० च्या दशकात ठाणे परिसरातील साग तपासला. पुढे केरळातील सागावरून १४८१ ते २००३ असा ५२३ वर्षांचा क्रम बांधला. त्यातील अरुंद वलये अपुऱ्या मोसमी पावसाशी आणि एल निन्योशी जुळतात. आपल्याकडे पर्जन्यमापकाच्या नोंदी दीड-दोनशे वर्षांपलीकडे जात नाहीत, म्हणून या क्रमाचे मोल फार.

कलावस्तूंच्या बाबतीत मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. इटालियन व्हायोलिनकार स्त्रादिवारीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘मसीहा’ व्हायोलिनवर १७१६ हे साल आहे. त्याच्या पुढच्या फळीतील शेवटचे वलय १६८० च्या दशकातले निघाले. म्हणजे लाकूड काळाशी सुसंगत आहे, एवढेच सिद्ध होते. ते कोणी घडवले हे वलय सांगत नाही.

इटालियन शिल्पकार जुझेप्पे पेनोने (जन्म १९४७) वलयाकडे उलट दिशेने जातात. कारखान्यात तासलेली चौकोनी तुळई घेऊन ते एकच वलय निवडतात आणि त्याच्या बाहेरचे लाकूड छिनीने काढत जातात. गाठी येतील तिथे फांद्या राखतात. आतून त्या वर्षीचे कोवळे झाड उभे राहते, आणि बुंध्याशी तुळईचा काही भाग तसाच ठेवलेला असतो.