थर्माकोलची भिंत आणि अॅरिझोनाचं ऊन

"वर्षाला जेमतेम सात इंच पाऊस. तिथे भिंतीत पाणी मुरायचं कुठून?" अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट या भागात घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं. त्याच्या जोडीला दुसरं एक असतं, "इथली घरं थर्माकोलची, जरा धक्का लागला की भोक." पहिली समजूत साफ चुकीची आहे. दुसरी निम्मी खरी आहे, आणि त्या निम्म्या खऱ्या भागात पदार्थविज्ञानातली एक फार सुंदर गोष्ट आहे. मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी भिंत कशी असते ते पाहू. लाकडी सांगाड्यावर फळ्या ठोकलेल्या असतात. त्यांवर पाणी अडवणारा थर, मग पॉलिस्टायरीन फोमचे म्हणजे आपल्या थर्माकोलचे तक्ते. त्या तक्त्यांवर सिमेंट आणि अॅक्रिलिक मिसळलेला पातळ बेस कोट, त्यात दाबून बसवलेली काचतंतूंची जाळी, आणि सगळ्यात वर रंग आणि वाळूचा पोत असलेला अॅक्रिलिक फिनिश कोट. फोमवरचं हे सगळं मिळून जेमतेम तीन मिलिमीटर. स्टको म्हणजे बाहेरचा गिलावा, आणि त्याचा हा कृत्रिम प्रकार म्हणजे सिंथेटिक स्टको. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत रुजली, आणि ड्रायव्हिट कंपनीने ती १९६९ साली अमेरिकेत आणली. जर्मनीत फोम विटांच्या भिंतीवर चढायचा, अमेरिकेत तो लाकडावर चढला. पुढच्या बऱ्याच कटकटींचं मूळ या फरकात आहे.

फिनिक्सच्या वसाहतींत याचा एक चुलतभाऊही सर्रास दिसतो. त्यात फोमवर तारेची जाळी आणि साधारण दहा मिलिमीटर सिमेंटचा एकच थर असतो, वर तसाच अॅक्रिलिक फिनिश. आपली भिंत यांपैकी कुठली हे दुरुस्तीआधी कळायलाच हवं. अंगठ्याने जोर देऊन दाबलं तर पातळ थराची भिंत किंचित आत जाते, सिमेंटची जात नाही.

आता उन्हाकडे वळू. फिनिक्समध्ये २६ जून १९९० रोजी पारा ५० अंश सेल्सिअसवर गेला होता. २०२३ च्या उन्हाळ्यात तर सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर राहिलं. पण हे हवेचं तापमान, तेही सावलीतलं. भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान हा अगदी वेगळा मामला आहे, आणि तो कागदावर सहज मांडता येतो.

जूनमधल्या संध्याकाळी साडेचार-पाचला सूर्य पश्चिमेच्या भिंतीवर बराचसा समोरून येतो. भिंतीच्या दर चौरस मीटरवर साधारण ८०० वॅट ऊर्जा पडते. भिंत गडद तपकिरी असेल तर त्यातली ७०० वॅट ती शोषून घेते. या उष्णतेला जायला दोनच वाटा, बाहेरची हवा नाहीतर भिंतीच्या आतला भाग. आत ५० मिलिमीटर फोम आहे. समजा पृष्ठभाग ८० अंशांवर आहे आणि घरात एसी लावून २५ अंश ठेवलेत, तर या फोममधून आत झिरपणारी उष्णता ४० वॅटच्या आसपास भरते. म्हणजे ७०० पैकी ४०. उरलेले साडेसहाशेहून जास्त वॅट पृष्ठभागाला बाहेरच फेकावे लागतात. वारा मंद असेल तर पृष्ठभाग हवेपेक्षा जितके अंश जास्त गरम, तितक्या अंशांमागे दर चौरस मीटरला साधारण १८ वॅट बाहेर जातात. ६६० भागिले १८ म्हणजे ३७. हवा ४३ अंशांवर, म्हणून पृष्ठभाग ८० अंशांवर! हीच भिंत फिकट बदामी असती तर तिने ३०० वॅटसुद्धा शोषले नसते आणि ती साठीच्या आतच थांबली असती.

यातली मेख लक्षात आली का? घराला गार ठेवणारा फोम आपलं काम जितकं चोख करतो, तितकं बाहेरचं कातडं जास्त भाजतं. विटांची जाड भिंत उष्णता आत ओढून घेते, म्हणून तिचा पृष्ठभाग इतका चढत नाही. फोमवरच्या तीन मिलिमीटर थराला ती सोय नाही. पॉलिस्टायरीन फोमला सतत पंचाहत्तर अंशांच्या वर ठेवलं तर तो मऊ पडून आकसू लागतो. म्हणूनच या भिंतींवर प्रकाशाचा निदान २० टक्के भाग परत फेकणारा रंगच लावावा, असा या व्यवसायातला सर्वसाधारण नियम आहे. गडद राखाडी रंगाची सध्या फार चलती आहे. पश्चिमेच्या भिंतीला तो लावण्याआधी रंगाच्या कार्डामागे छापलेला परावर्तनाचा आकडा जरूर बघा.

खरी गंमत तर वेळेच्या हिशोबात आहे. एक चौरस मीटर कातड्याचं वजन पाच-साडेपाच किलो. ते एक अंशाने तापवायला सुमारे पाच हजार ज्यूल पुरतात. याला वरच्या १८ ने भागलं की २८० सेकंद येतात, म्हणजे पाच मिनिटांहूनही कमी. परिस्थिती बदलली की एवढ्या वेळात पृष्ठभाग नव्या तापमानाकडचं दोन तृतीयांश अंतर तोडतो. नऊ इंची विटांच्या भिंतीत याच्या साठ-सत्तरपट उष्णता साठते, त्यामुळे तिला तास लागतात. इथे एक ढग सूर्यावरून गेला तरी कातड्याचा पारा वीस अंश खाली येतो. जुलै-ऑगस्टमधल्या मान्सूनच्या दुपारी आधी धुळीचं वादळ येतं, मागोमाग गार पावसाची सर येते, आणि सत्तर अंशांवरचं कातडं काही मिनिटांत तिशीपर्यंत उतरतं. चाळीस अंशांच्या फरकाने सहा मीटर लांब सिमेंटी थर जवळपास तीन मिलिमीटर आखडू पाहतो.

कडक पायावर घट्ट चिकटलेला साधा गिलावा अशा वेळी तडकतो, कारण त्याला आखडायला कुणी जागाच देत नाही. फोम देतो. गिलाव्याच्या तुलनेत फोम हजारपटींहून अधिक मऊ आहे, त्यामुळे वरचं कातडं हललं की तो त्याच्याबरोबर थोडा तिरका होतो आणि सारा ताण गिळून टाकतो. काचतंतूंची जाळी उरलेला ताण सगळीकडे वाटून देते. गादीवर ठेवलेल्या पापडासारखी ही रचना आहे, सरकायला मोकळी पण बोटाने टोचलं तर मोडणारी. जिला कुचकामी म्हणून नावं ठेवतात त्या थर्माकोलमुळेच ही भिंत वाळवंटात तगते. म्हणून मी ते वाक्य निम्मं खरं म्हटलं.

मग भेगा पडतात कुठे? मोकळ्या भिंतीवर क्वचित, कडांवर नेहमी. खिडकीचा कोपरा घ्या. आखडणाऱ्या कातड्याचा ताण त्या आतल्या कोपऱ्यात एकवटतो आणि भेग तिथून पंचेचाळीस अंशांत तिरकी निघते. चांगला गवंडी या कोपऱ्यांवर जाळीचा एक जादा तुकडा आधीच तिरका बसवतो आणि फोमच्या दोन तक्त्यांचा सांधा कोपऱ्याच्या रेषेत येऊ देत नाही. शोभेसाठी फोममध्ये कोरलेल्या खाचाही अशाच नाजूक, कारण तिथे फोम पातळ असतो.

याच भेगांवरून हल्ली भारतातल्या वास्तुतज्ज्ञांना व्हिडिओ कॉल जातात. नैऋत्य कोपरा तडकला म्हणजे घरधन्यावर संकट, मग तांब्याच्या पट्ट्या नाहीतर पिरॅमिड बसवा, असा सल्ला मिळतो आणि पैसे मोजले जातात. भेग खरोखरच पश्चिम आणि नैऋत्य बाजूला जास्त असते, पण कारण आकाशात उघड दिसतं. जूनमध्ये भर दुपारी फिनिक्सचा सूर्य ८० अंश उंचीवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला तो नुसता घासून जातो. पश्चिमेची भिंत मात्र दिवसातली सगळ्यात गरम हवा आणि समोरचं ऊन एकाच वेळी झेलते. घर कुणाचंही असो, ती आधी थकणारच. पिरॅमिडच्या पैशात अख्ख्या घराचं सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारं रबरासारखं लुकण, येतं.

आणि सीलंटच महत्त्वाचं, कारण पाणी भिंतीतून शिरत नाही, सांध्यांतून शिरतं. १९९५ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन शहरात सिंथेटिक स्टकोच्या घरांच्या भिंती आतून कुजलेल्या सापडल्या. कातडं बहुतेक ठिकाणी धड होतं. पाणी खिडक्यांच्या चौकटींच्या कडेने आत गेलं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने लाकडात मुरत राहिलं. त्यानंतर फोममागे पाणी निथळून जाईल अशी वाट ठेवलेली रचना आली. जुन्या घरांत ती नसण्याची शक्यता मोठी.

फिनिक्सची कोरडी हवा मदत करते हे खरं, पण फोम आणि फळी यांच्यात अडकलेल्या ओलीपर्यंत ती पोचतच नाही. शिवाय तिथला पाऊस संततधार नसतो. तो वाऱ्याबरोबर आडवा येऊन भिंतीवर आपटतो. माझ्या मते तपासणीची पहिली जागा म्हणजे सपाट छताभोवतीच्या कठड्याचा माथा. या प्रदेशात तशी घरं पुष्कळ. स्टको आडव्या पृष्ठभागावर कधीच टिकत नाही. माथ्याला निदान दोनास एक, म्हणजे दोन इंच आडवं गेलं की एक इंच खाली, असा उतार हवा, नाहीतर वर पत्र्याची टोपी हवी. मान्सूनआधी शिडी लावून माथा पाहावा. केसाएवढी भेग, फुगलेला रंग किंवा दाबल्यावर पचकणारी जागा सापडली तर खाली फळी ओली असू शकते. खिडकीखालच्या फोमच्या पट्ट्यांचंही तसंच.

उत्साहाच्या भरात होणारी एक मोठी चूक म्हणजे दिसेल ती फट सीलंटने भरून टाकणं. भिंतीच्या पायथ्याची आणि खिडकीवरच्या पत्र्याखालची बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते, पाणी बाहेर पडावं म्हणून. ती बुजवली की विल्मिंग्टनची पुनरावृत्ती. पायथ्याशी स्टको जमिनीपासून आठ इंच वर संपायला हवा. बागेची माती किंवा खडी तिथवर चढली की वाळवीला फोममधून आड रस्ता मिळतो आणि तो कुणाच्या नजरेला पडत नाही.

चौकटीभोवतीचं सीलंट बदलताना दोन गोष्टी सांभाळायच्या. जुनं पूर्ण खरवडून काढायचं, आणि फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून मगच सिलिकॉन भरायचं. दोरीमुळे सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि मधे मोकळेपणाने ताणलं जातं. मागच्या तळालाही चिकटलं तर पहिल्याच उन्हाळ्यात फाटतं. ते बेस कोटला चिकटलं पाहिजे, फिनिश कोटला नव्हे. फिनिश कोट ओला झाला की मऊ पडतो.

या भिंतींचं नुकसान करणारा वाळवंटातला एक खास पक्षीही आहे, गिला सुतारपक्षी. तो एरवी सग्वारो निवडुंगात ढोली कोरतो. स्टकोवर टोच मारली की पोकळ आवाज येतो, आणि फोम तर लाकडाहून सोपा. छताच्या कडेजवळ लिंबाएवढं गोल भोक आणि खाली जमिनीवर पांढरे मणी दिसले तर काम त्याचंच. आत घरटं नाही याची खात्री करून मगच भोक बुजवावं.

बुजवायचं कसं? भोकाभोवतीचा फोम चौकोनी कापून काढायचा, तेवढाच नवा तुकडा बसवायचा आणि खरकागदाने सपाट करायचा. आजूबाजूचा फिनिश कोट घासून निदान अडीच इंच रुंद पट्टीत बेस कोट उघडा करायचा, म्हणजे नवी जाळी जुन्यावर चढवता येते. जाळी न चढवता नुसतं भोक भरलं तर त्याच चौकोनाच्या रेषेत भेग उमटते.

आणि हे सगळं सावलीत. अॅक्रिलिकचे कण मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढे असतात आणि पाण्यात तरंगत असतात. पाणी सावकाश उडालं तर ते जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात, आणि त्यांच्या साखळ्या शेजारच्या कणात शिरून सलग पापुद्रा होतो. तापलेल्या भिंतीवर वरचं पाणी झपाट्याने उडतं, वर साय धरते आणि खालचं अर्धवट राहतं. बेस कोटमधल्या सिमेंटला तर पाण्याशी अभिक्रिया करायला वेळच मिळत नाही. ३८ अंशांच्या वर कामच करू नये. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. सगळ्यात बरं म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल.

दारोदार विकल्या जाणाऱ्या 'सिरॅमिक' उष्णतारोधक रंगांबद्दल एक गणित पुरे. रंगाचा थर पाव-अर्धा मिलिमीटर, फोम पन्नास. रंग अगदी फोमइतका उष्णतारोधक मानला तरी तो शंभराव्या हिश्श्याचंच काम करणार. २०२० साली फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने असे फुगवलेले दावे करणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. रंगाचा खरा फायदा फिकटपणात आहे, आणि तो साध्या अॅक्रिलिक रंगातही मिळतो.

नव्या तुकड्याचा रंग जुन्याशी जुळत नाही ही तक्रार नेहमीची. भिंतीवर काळं फडकं घासून बघा, पश्चिमेला त्यावर पांढरी भुकटी येईल. अतिनील किरणांनी झिजलेलं अॅक्रिलिक आणि सुटे पडलेले रंगकण म्हणजे ती भुकटी. झिजलेल्या भिंतीशी डबा जुळवत बसण्यापेक्षा भिंत मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुवावी. जोरदार फवाऱ्याचं यंत्र वापरू नये, ते पाणी थेट सांध्यांत घुसवतं. मग वाफ जाऊ देणारा अॅक्रिलिक रंग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मधे न थांबता, एकाच दमात मारावा.