मधमाश्यांचे नृत्य

मकरंदाची किंवा परागाची चांगली जागा सापडलेली कामकरी माशी पोळ्यात परतल्यावर त्या जागेची दिशा आणि अंतर ठरावीक हालचालींनी इतर माश्यांना कळवते. या हालचालींना मधमाश्यांचे नृत्य म्हणतात. समूहात कोणा एकाला सगळे ठाऊक नसतानाही समूह शहाण्यासारखा कसा वागतो, याचे इतके उघड उदाहरण निसर्गात क्वचितच मिळते.

नाचणारी माशी पोट डावी-उजवीकडे थरथरवत थोडे अंतर सरळ चालते, उजवीकडून वळसा घेऊन मूळ जागी येते, पुन्हा तीच सरळ रेघ धरते आणि या वेळी डावीकडून वळते. माग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा उमटतो (मराठी आठाशी त्याचा संबंध नाही). अर्थ असतो तो मधल्या रेघेत. युरोपीय माशीची थरथर सेकंदभर टिकली, तर अंतर ढोबळमानाने १ किमी. उभ्या पोळ्यावर सरळ वर म्हणजे सूर्याकडे. रेघ उभ्यापासून ४० अंश उजवीकडे कलली, तर सूर्याच्या ४० अंश उजवीकडे उडायचे. हे सगळे मिट्ट काळोखात चालते, म्हणून नाच ‘पाहिला’ म्हणणे चूकच. मागोमाग चालणाऱ्या माश्या तो मिशांनी चाचपतात. बराच वेळ नाचणारी माशी तर बाहेर न डोकावताही सरकत्या सूर्याप्रमाणे कोन बदलत नेते.

ही खूण ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४० च्या दशकात उलगडली. १९७३ साली त्यांना कोनराड लोरेन्झ व निको टिनबर्गन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एड्रियन वेनर यांनी माश्या केवळ वासावर जातात असा आक्षेप घेतला होता. तो काही वेडगळ नव्हता. त्यामुळेच प्रयोग अधिक काटेकोर झाले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रडार-प्रयोगात, नाच वाचलेल्या माश्यांना पोळ्यापासून दूर नेऊन सोडले, तेव्हा त्या नव्या ठिकाणाहूनही नाचातलीच दिशा धरून तेवढ्याच अंतरावर गेल्या. वासाचा माग असता तर हे घडले नसते.

नृत्याचा खरा कस घर शोधताना लागतो. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ मध्ये म्यूनिकजवळ झुडपावर लटकलेल्या मोहोळावर (जुने पोळे सोडून नव्या घराच्या शोधात निघालेल्या माश्यांच्या घोळक्यावर) नाचणाऱ्या माश्या दिसल्या. पण त्यांच्या अंगावर पराग नव्हता, काजळी आणि विटांची धूळ होती. युद्धात पडझड झालेल्या शहरातल्या धुराड्यांत आणि भिंतींत त्या घर हुडकत होत्या. पुढे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ टॉमस सीली यांनी दाखवले, की प्रत्येक टेहळी माशी आपल्या जागेची शिफारस करते. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. पण दर खेपेला तो थोडा कमीही होतो, त्यामुळे हट्टी माशी सगळ्यांना वेठीस धरत नाही. एखाद्या जागी सुमारे २०-३० टेहळ्या एकाच वेळी जमल्या, की मोहोळ उडायच्या तयारीला लागते. विरोधी जागेच्या नर्तकीला डोक्याने ढुशी देऊन थांबवण्याचीही सोय आहे. राणीचा यात काडीचा सहभाग नसतो. ती फक्त सोबत जाते.

याला जाणीव म्हणावे का? मोहोळाला काही ‘वाटते’ असे म्हणायला पुरावा नाही. मेंदूतल्या पेशींसारखी इथेही माहिती घटकांच्या देवाणघेवाणीत असते, एवढे साम्य मात्र खरे. मानवी समाजाशी तुलना जपूनच करावी: टेहळ्या माश्यांचे हितसंबंध एक असतात, ग्रामसभेत बसलेल्यांचे नसतात.

महाराष्ट्रातल्या जातींत नाचाचे रंगमंच वेगळे आहेत. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत, अंधारात नाचते. आग्या माशी कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली लटकलेल्या उघड्या पोळ्यावर नाचते. फुलोरी माशी फांदीभोवती बांधलेल्या छोट्या पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर नाचते आणि उभ्या दिशेचा हिशेब न करता थेट खाद्याकडेच तोंड करते.

नाच जन्मजात असला तरी पूर्ण नसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अनुभवी नर्तकी नसलेल्या वसाहतीत वाढलेल्या माश्यांचे पहिले नाच विस्कळीत होते. सरावाने त्यांची दिशा सुधारली. अंतराचे माप मात्र अखेरपर्यंत चुकलेलेच राहिले.