विंटेज घड्याळांचा संग्रह (गुंतवणूक म्हणून)

जुनी, महागडी, बहुतेक वेळा स्विस मनगटी घड्याळं पैसा मुरवून ठेवायला विकत घेणं म्हणजे हा प्रकार. किती जुनं म्हणजे विंटेज याचा पक्का नियम नाही, पण साधारण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं, चावीचं किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) असं धरतात. गंमत अशी की हा बाजार उभा राहिला तो क्वार्ट्झमुळे, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळांमुळे. डिसेंबर १९६९ मध्ये जपानी कंपनी सेकोचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ अ‍ॅस्ट्रॉन आलं, मग हळूहळू बॅटरीवरची घड्याळं स्वस्त होत गेली, अचूक तर ती होतीच, स्विस कारखाने धडाधड बंद पडले आणि वेळ बघायला चावीच्या घड्याळाची गरजच उरली नाही म्हटल्यावर ते हौसेची वस्तू झालं.

इथे भाव सोन्यावर ठरत नाही, हे नवख्या माणसाला पटतच नाही. पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या १५१८ मॉडेलचे १९४१ पासून जेमतेम २८१ नग बनले, बहुतेक सगळे सोन्याचे, स्टीलचे माहीत असलेले फक्त चार, आणि त्यातलंच एक २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १.१ कोटी स्विस फ्रँकला गेलं. रोलेक्स डेटोना या मॉडेलचं, हॉलिवूड नट पॉल न्यूमनच्या नावाने ओळखलं जाणारं 'पॉल न्यूमन' डायल नवं असताना फारसं कोणी घेत नव्हतं, म्हणून आज ते दुर्मिळ. खुद्द न्यूमनचं, बायकोने दिलेलं डेटोना २०१७ मध्ये १.७७ कोटी डॉलरला विकलं गेलं, अर्थात त्यात घड्याळापेक्षा मनगटाचेच पैसे जास्त.

बाकी सगळा खेळ ओरिजिनलपणाचा. केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या बाहेरच्या कवचाला, पॉलिश मारून चकाचक केलं की कडा गोल होतात आणि भाव पडतो, डायल पुन्हा रंगवलेलं असेल तर आणखीच पडतो, आणि कंपनीच्या सर्व्हिसिंगमध्ये जुने काटे काढून नवे टाकले तरी नुकसान मालकाचंच. काट्यांवरचा चमकणारा लेप आणि डायलवरचा लेप वेगळ्या रंगाचे दिसले की जाणकार लगेच संशय घेतो. पण जाणकारही फसतात! २०२१ मध्ये ३१ लाख फ्रँकला गेलेलं ओमेगा स्पीडमास्टर वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट जोडून बनवलेलं निघालं, आणि ते घेणारी होती ओमेगाच, स्वतःच्या म्युझियमसाठी.

पैशाच्या हिशोबाने बघितलं तर घड्याळ व्याज देत नाही, भाडं देत नाही, उलट सर्व्हिसिंग आणि विमा मागतं. लिलावघराचं कमिशनही जबर, न्यूमनच्या घड्याळावर शेवटची बोली १.५५ कोटीची होती, वरचे बावीस-तेवीस लाख डॉलर खरेदीदाराने कमिशनचे भरले. म्हणजे घेतलेलं घड्याळ वर्षभरात विकायला काढलं तर भाव तेवढाच राहूनही तोटा होतो, त्यामुळे मुरलेले संग्राहक दहा-पंधरा वर्षं हात न लावायच्या पैशातूनच ही खरेदी करतात.