हाय आयएसओ फोटोंसाठी नॉईज रिडक्शन टूल्सची तुलना

आयएसओ म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ यावा म्हणून कॅमेऱ्यात वाढवायचं सेटिंग. हाय आयएसओवर काढलेल्या डिजिटल फोटोत रवा भुरभुरल्यासारखे जे ठिपके दिसतात त्याला नॉईज म्हणतात आणि तो कमी करायच्या कामाला नॉईज रिडक्शन, किंवा नुसतं डीनॉईज. यासाठी ढीगभर सॉफ्टवेअर आहेत आणि आधीचा-नंतरचा फोटो शेजारी ठेवला की सगळीच भारी वाटतात. पण किती नॉईज गेला यावरून तुलना होत नाही, तो सगळेच घालवतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं नॉईजबरोबर फोटोतलं काय काय गेलं, हे बघायचं असतं.

आयएसओ वाढवला म्हणून नॉईज आला असं सर्रास म्हणतात, पण मूळ कारण प्रकाश कमी पडणं हे आहे. प्रकाश फोटॉन फोटॉनने, म्हणजे कणाकणाने येतो, पावसात अंगणात दोन वाट्या शेजारी ठेवल्या तरी दोन्हीत मोजून सारखे थेंब पडत नाहीत, तसंच पिक्सेलचं. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का, आणि १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे थेट १० टक्के. आयएसओ हा कमकुवत सिग्नल फक्त मोठा करतो. यात सेन्सर वाचतानाचा रीड नॉईज मिसळतो आणि लांब एक्स्पोजरला सेन्सर गरम झाल्याचाही. म्हणून ताडोबात पहाटे बांबूच्या सावलीत वाघ दिसला आणि शटर १/५०० सेकंद ठेवायचंच असेल तर आयएसओ ६४०० ला घाबरू नये, १६०० वर काळा फोटो काढून तो नंतर उजळला तरी नॉईज तेवढाच राहतो, कधीकधी जास्तच.

नॉईज दोन प्रकारे दिसतो. क्रोमा म्हणजे हिरवे-जांभळे रंगीत डाग, आणि ल्युमिनन्स म्हणजे उजेड-अंधाराचा रवाळपणा. क्रोमा काढणं सोपं आहे कारण रंगातला बारीक तपशील आपल्या डोळ्याला तसाही कमी दिसतो, म्हणूनच अडोबीचं लाइटरूम हे फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला सेन्सरचा कच्चा डेटा) उघडताना कलर नॉईज रिडक्शन आपोआप २५ ठेवतं आणि ल्युमिनन्स ० वर सोडतं. खरी परीक्षा ल्युमिनन्सची, कारण केस, कापडाची वीण, पक्ष्याचं पीस हे सगळं त्याच रव्याच्या मापाचं असतं.

जुन्या पिढीतली नीट इमेज, नॉईज निन्जा, नॉईजवेअर, डीफाइन ही टूल्स फोटोतला आकाशासारखा सपाट भाग बघून नॉईजचा प्रोफाइल, म्हणजे तो कसा आणि किती आहे याचं मोजमाप, बनवायची किंवा कॅमेऱ्याचा तयार प्रोफाइल वापरायची. जपून वापरली तर छान, स्लायडर ओढला की माणसाचा मेणाचा पुतळा. २००५ मध्ये बुआदेस, कोल आणि मोरेल यांनी नॉन-लोकल मीन्स ही पद्धत मांडली, तिची कल्पना मला फार आवडते: पैठणीच्या पदरावर तोच मोर पुन्हा पुन्हा येतो, तसे फोटोतही सारखे दिसणारे तुकडे लांब लांब सापडतात, ते शोधून त्यांची सरासरी काढली की नॉईज विरतो आणि नक्षी टिकते. २००७ ची बीएमथ्रीडी ही पद्धत याच वाटेवरची. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमधल्या प्रोफाइल्ड डीनॉईजमध्ये नॉन-लोकल मीन्स आणि वेव्हलेट (फोटो बारीक-जाड तपशिलांच्या थरांत वेगळा करून नॉईज काढणारा) असे दोन्ही मोड आहेत, आणि कॅमेऱ्यानुसार, आयएसओनुसार मोजलेले प्रोफाइल त्यात येतात. पैसे खर्च करायचे नसतील तर सुरुवात इथूनच करावी, शिकायला थोडा वेळ जातो पण ताबा आपल्या हातात राहतो.

मग न्यूरल नेटवर्कवाली, म्हणजे भरपूर फोटो दाखवून शिकवलेली एआय टूल्स आली. टोपाझ डीनॉईज एआय २०१९ मध्ये, डीएक्सओ कंपनीचं डीपप्राइम २०२० मध्ये त्यांच्या फोटोलॅब ४ या सॉफ्टवेअरसोबत, आणि लाइटरूममधलं एआय डीनॉईज एप्रिल २०२३ मध्ये. डीपप्राइमला रॉ फाइलच लागते, कारण ते डीमोझेइक आणि डीनॉईज एकत्रच करतं. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो, बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात, हेच डीमोझेइक, आणि आधी हा अंदाज बांधून मग नॉईज काढायला गेलं तर तोवर नॉईज शेजारच्या पिक्सेलमध्ये पसरून बसलेला असतो. हाय आयएसओ रॉसाठी माझी पहिली पसंती म्हणून डीपप्राइमला. लाइटरूमवाल्यांना तिथलंच डीनॉईज पुरतं, फक्त ते ५० वर येतं ते मी ३० च्या आसपास आणते, थोडा रवा राहिलेला बरा दिसतो. रॉ नसून जेपेगच असेल तर टोपाझसारखं टूल लागतं, पण कॅमेऱ्याने जेपेग बनवताना स्वतःचं नॉईज रिडक्शन आधीच केलेलं असतं, त्यामुळे त्यातून फार अपेक्षा ठेवू नये. आणि एआय टूल कुठलंही असो, चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला मिनिटंच्या मिनिटं जातात.

एआयचा धोका वेगळा आहे. जुनं टूल तपशील पुसायचं, हे नवीन रचूनही देतं. देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात काढलेल्या फोटोत मागच्या माणसाच्या चेहऱ्याला नसलेल्या रेषा येतात, लांबच्या पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली राहत नाहीत, आणि ते इतकं स्वच्छ दिसतं की पटकन लक्षातही येत नाही.

म्हणून तुलना करताना एकच रॉ फाइल घ्यायची, शार्पनिंग सगळीकडे बंद ठेवायचं आणि १०० टक्के झूमवर भुवया, कापड, पाटी बघायची, ४०० टक्क्यांवर बघून उपयोग नाही, तसा फोटो कोणी बघत नाही. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे मूळ फोटोवर डीनॉईज केलेला लेयर ठेवून ब्लेंड मोड डिफरन्स (दोन लेयरमधला फक्त फरक दाखवणारा) करायचा आणि जे उरेल ते उजळून बघायचं. नुसता रवा दिसला तर टूल प्रामाणिक, चेहऱ्याची आउटलाइन दिसली तर तेवढा चेहरा त्याने खाल्ला. आधीच्या त्या २००५ च्या कामातच या उरलेल्या चित्राला मेथड नॉईज म्हटलंय.

विषय हलत नसेल तर कुठल्याही टूलपेक्षा स्टॅकिंग भारी. ट्रायपॉडवर १६ फोटो काढून सरासरी घेतली की नॉईज चौथ्या हिश्शावर येतो आणि यात काहीच रचलेलं नसतं. फोनचा नाइट मोडही बऱ्याच अंशी असंच करतो. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजव्यांचे फोटो काढणाऱ्यांना मात्र हे थेट चालत नाही, कारण काजवा १६ पैकी एकाच फ्रेममध्ये चमकला तर सरासरीत त्याचा उजेड सोळावा हिस्साच उरतो. तिथे झाडांचा भाग सरासरीने वेगळा करतात आणि काजवे लायटन मोडने (जिथे जास्त उजळ तेच ठेवणाऱ्या) वर चढवतात. त्यातही ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये येणारे हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे पिक्सेल, काजव्यांसारखेच चमकतात, पण ते प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतात, त्यामुळे लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाची एक डार्क फ्रेम काढली की ते वजा करता येतात.