हिरवं पुस्तक कुणाला दाखवायचं?

‘रोज कसली गोळी घेतेस गं?’ असं जावेनं विचारलं की ‘बीपीची’ म्हणायचं. एचआयव्हीचं औषध चालू असलेल्या बाईला हे उत्तर सोयीचं पडतं, कारण बीपीला कुणी नावं ठेवत नाही. गोळ्यांची बाटली खुळखुळते, म्हणून लेबल खरवडून ती तांदळाच्या डब्यात खुपसायची. अशी वर्षं जातात आणि एक दिवस खरंच बीपी निघतं.

आपल्याकडे सरकारी केंद्रांतून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या उपचाराची, मोफत औषधं मिळायला लागली ती एप्रिल २००४ मध्ये. तेव्हा तिशीत असलेली माणसं आज पन्नाशी ओलांडताहेत. औषधांनी त्यांना जगवलं, आता वयाचे आजार गाठताहेत. शिवाय विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह धुमसत राहतो आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो. सध्याच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविरनं काहींचं वजन वाढतं. त्याच गोळीतल्या टेनोफोविरचा काहींच्या मूत्रपिंडावर ताण येतो आणि चढलेलं बीपीही मूत्रपिंडावरच घाव घालतं. निपाणी पट्ट्यात त्यात तंबाखूची आणि मिश्रीची भर. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर एचआयव्ही असलेल्या साधारण चार प्रौढांत एकाला उच्च रक्तदाब सापडतो.

मग दोन्ही उपचार एकाच खिडकीवर का देऊ नयेत? युगांडा आणि टांझानियात एचआयव्ही, मधुमेह आणि रक्तदाब यांचे रुग्ण एकाच दवाखान्यात, एकाच रांगेत बसवून पाहिले. २०२३ साली निष्कर्ष आले, एचआयव्हीच्या उपचाराला त्यानं धक्का लागला नव्हता. खानापूरच्या जंगलपट्टीतून बेळगावला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. एक फेरी वाचली तरी पुष्कळ.

घोडं अडतं ते पुस्तकाशी. एआरटीच्या रुग्णाकडे हिरव्या रंगाचं उपचार-पुस्तक असतं. बीपीच्या गोळ्या दुसऱ्या विभागात मिळत असतील तर तिथे ते काढायचं की नाही? न काढण्यात खरा धोका आहे. पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की जो दुसऱ्या टप्प्याचा उपचार सुरू होतो, त्यात बऱ्याचदा रिटोनाविर नावाचं औषध असतं. ॲम्लोडिपिन या बीपीच्या नेहमीच्या गोळीला यकृतातलं जे विकर (एन्झाइम) मोडून टाकतं, त्यालाच रिटोनाविर थोपवून धरतं. गोळी तीच, पण रक्तातलं तिचं प्रमाण फुगतं. पायांवर सूज येते, उठताना चक्कर येते. डॉक्टरला आधी माहीत असतं तर त्यानं कमी मात्रेपासून सुरुवात केली असती.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा इथे बऱ्यापैकी शहाणपणानं वागतो. उपचारासाठी गरजेचं असेल तेव्हा एका डॉक्टरनं उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला सांगायला त्यात मुभा आहे. पण रांगेत मागे उभी असलेली गावची शेजारीण डॉक्टर नसते. म्हणून माझं मत सरळ आहे: बीपी एआरटी केंद्रातच मोजावं आणि गोळ्याही तिथेच द्याव्यात. पुस्तकानं फिरायची गरजच पडू नये.

त्याच कायद्यात संमतीच्या व्याख्येत एक वाक्य आहे, सीमाभागानं ते पाठ करावं असं. माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीनं द्यायची. फॉर्म कन्नडमध्ये, बाई मराठी, आणि ‘इथं अंगठा लावा’ एवढंच बोलणं झालं, तर ती संमती नव्हे. हा भाषावाद नाही, औषधोपचाराचा भाग आहे.

बीपी मोजण्यात कसली आलीय नीतिमत्ता, असंही वाटेल. पण स्टँडवरून धावत आलेल्या, वाटेत मिश्री लावलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला तर आकडा चढाच येणार. पाच मिनिटं शांत बसवायचं, तंबाखू खाऊन अर्धा तास होऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. आधीच एक शिक्का मिरवणाऱ्यावर दुसरा घाईनं मारू नये. आणि मोजून झाल्यावर ‘गोळ्या संपल्यात, बाहेरून घ्या’ म्हणायचं असेल तर शोधलं कशाला? बीपी तपासलं नाही म्हणून एआरटीच्या गोळ्या अडवणं तर त्याहून वाईट.

गल्लीतल्या नुसत्या बीपीवाल्या म्हाताऱ्यालाही तेवढ्याच नेमानं गोळ्या मिळायला हव्यात, हे ओघानं आलंच.

आता पुन्हा त्या बाईकडे. हिरव्या पुस्तकाला तिनं शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलंय. नर्स आत आकडा लिहिते, १५२/९४. इतकी वर्षं जे खोटं सांगितलं ते आता कागदावर खरं आहे, जावेला दाखवण्याजोगं आहे, फक्त ज्या पुस्तकात लिहिलंय ते दाखवता येत नाही. ती नर्सला विचारते, ‘बाई, एवढा आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून देता काय?’