रायफल फुटली: काडतुसात दारू जास्त होती, की नळीत गोळी अडकली होती?

रायफल फुटली की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: काडतुसात दारू जास्त भरली गेली. रेंजवरचे जुने नेमबाजसुद्धा हेच म्हणतात. पण रायफल फोडणारे सदोष काडतूस दोन अगदी उलट प्रकारचे असू शकते. एका प्रकारात दाब हद्दीबाहेर जातो. दुसऱ्यात तो इतका कमी पडतो की गोळी नळीतच राहते, आणि रायफल फुटते ती तिच्यामागून झाडलेल्या, एरवी निर्दोष असलेल्या काडतुसाने. पहिल्याला ‘ओव्हरप्रेशर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘स्क्विब’. शेवट दोन्हीचा वरवर सारखाच दिसतो, म्हणून घोळ होतो. हा घोळ महागात पडतो, कारण भरपाई कोणी द्यायची, कोणता लॉट (एकाच खेपेत बनलेली काडतुसे) बाजारातून परत मागवायचा आणि पुढच्या माणसाचा डोळा वाचणार की नाही, हे सगळे त्यावर ठरते.

आधी निर्दोष काडतूस कसे चालते ते पाहू. ७.६२ × ५१ मिमीच्या लष्करी काडतुसात साधारण ३ ग्रॅम दारू आणि साडेनऊ ग्रॅमची गोळी असते. चाप ओढला की फायरिंग पिन काडतुसाच्या बुडातल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीवर आदळते, टोपीची ज्वाला दारूला लागते आणि सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात गोळी नळीबाहेर पडते. याच मापाच्या नागरी .३०८ विंचेस्टर काडतुसासाठी युरोपातल्या सी.आय.पी. या बंदूक-चाचणी संस्थेच्या मानकात ४,१५० बार ही दाबाची कमाल मर्यादा आहे. आपल्या सभोवतालच्या हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त! रायफल विक्रीला येण्याआधी तिच्यात या मर्यादेपेक्षा २५ टक्के जास्त दाबाचे काडतूस झाडून तिची परीक्षा घेतात. त्यामुळे थोडाफार जादा दाब चांगली रायफल सोसते.

मग ती फुटते कधी? दारू दुप्पट भरली गेली तर, असे बहुतेकांना वाटते. पिस्तुलाच्या काडतुसात ते शक्य आहे, कारण तिथे पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, बरीच रिकामी जागा असते. रायफलच्या बहुतेक पुंगळ्या मात्र दारूने जवळजवळ काठोकाठ भरतात. दुप्पट दारू ओतली तर ती बाहेर सांडेल आणि लगेच लक्षात येईल. रायफलच्या बाबतीत खरी भीती चुकीच्या दारूची. पिस्तुलाची दारू वेगाने जळते, रायफलची सावकाश. वेगाने जळणारी दारू चुकून रायफलच्या पुंगळीत गेली तर वजन बरोबर असूनही गोळी हलायच्या आत दाब शिगेला पोहोचतो. गोळी पुंगळीत जास्त खोल दाबली गेली तरी दाब वाढतो. वर्षानुवर्षे तापलेल्या गोदामात पडून राहिलेली दारू रासायनिकदृष्ट्या बिघडते. तिच्यातला नायट्रोसेल्युलोज स्थिर ठेवणारा घटक संपत जातो, आणि मग ती कशी जळेल याची खात्री देता येत नाही.

ओव्हरप्रेशरमध्ये सगळ्यात आधी हार मानते ते पितळ. झाडताना काडतूस नळीच्या मागच्या टोकाच्या चेंबरमध्ये बसते आणि बोल्ट हा पोलादी दांडा ते मागून बंद करतो. पुंगळीच्या बुडाचा थोडा भाग चेंबरच्या पोलादी भिंतीबाहेर, बोल्टच्या तोंडाशी उघडा असतो. तिथून पितळ फाटते आणि हजारो बारचा वायू मागे, रायफलच्या यंत्रणेत घुसतो. मॅगझिन खाली उडते, पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर तुटतो, लाकडी दस्ता उभा चिरतो. नळी मात्र बरेचदा आतून धड असते, आणि तपासनीस आधी तिच्यातच डोकावतो तो यासाठीच.

आता स्क्विब. काडतुसात दारू भरायचीच राहिली, अगदी थोडी पडली, किंवा तेल-ओलीने ती पेटलीच नाही. टोपी तेवढी फुटली. टोपीच्या एकटीच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीत थोडे अंतर जाऊन अडकते. ‘धाड’च्या जागी बारीकसा ‘फट्’ येतो, खांद्याला झटका जवळजवळ बसत नाही. दारू होती पण पेटली नाही, असे असेल तर चेंबर उघडल्यावर पिवळट, अर्धवट जळलेले दाणे सांडतात. इथपर्यंत कोणाला काही इजा झालेली नसते. खरा धोका पुढच्या पाच सेकंदांत आहे.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये इतक्या कमी वायूने यंत्रणा फिरत नाही, त्यामुळे पुढचे काडतूस आपोआप वर येत नाही. रायफल स्वतःच थांबते. पण रायफल अडकली की मॅगझिनला थाप मार, बोल्ट ओढ, पुन्हा झाड, हे प्रशिक्षणात इतके अंगवळणी पडलेले असते की हात डोक्याच्या आधी चालतो. बोल्ट-ॲक्शन रायफल तर थांबतही नाही, कारण तिथे बोल्ट दर वेळी हातानेच ओढायचा असतो. नेहमीसारखी पुंगळी बाहेर, नेहमीसारखे नवे काडतूस आत. माझ्या मते म्हणूनच स्क्विबच्या बाबतीत बोल्ट-ॲक्शन जास्त फसवी आहे. मागून पूर्ण वेगाने येणारी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते, त्या जागी क्षणभर प्रचंड दाब तयार होतो आणि नळीला बाहेरून कड्यासारखा फुगवटा येतो, किंवा नळी तिथेच उकलते. एनसीसीत वापरतात त्या .२२ रायफलीत दाब कमी असल्याने बहुधा फुगवट्यावर निभावते. मोठ्या रायफलीत तशी खात्री नाही.

स्क्विबला मिसफायर समजण्याची चूकही इथेच होते. एनसीसी कॅम्पमध्ये मिसफायरचा नियम सगळ्यांना शिकवलेला असतो: चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी टार्गेटच्या दिशेनेच धरून थांबायचे, कारण टोपी उशिरा पेट घेऊ शकते. निदान ३० सेकंद तरी थांबतात. मग काडतूस बाहेर काढायचे. दोन्हींतला फरक त्या बाहेर आलेल्या वस्तूवरच दिसतो. मिसफायरमध्ये टोपीवर पिनचा खळगा असलेले, पण गोळीसकट अखंड काडतूस हातात येते. स्क्विबमध्ये येते रिकामी पुंगळी. आवाज बारीक, झटका नाही, पुंगळी रिकामी आणि टार्गेटवर नवे छिद्र नाही, तर गोळी नळीत आहे असेच धरायचे. बोल्ट काढून ठेवायचा आणि मागून नळीत उजेड दिसतो का ते पाहायचे. उजेड दिसला नाही तर रायफल आर्मररकडे, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे. गोळी बाहेर काढायला दुसरी गोळी कधीही झाडायची नाही.

फुटलेल्या रायफलीवर दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात. ओव्हरप्रेशरमध्ये पुरावा पितळात सापडतो: टोपी चपटी होऊन तिच्या बसायच्या जागेत पसरलेली, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा उमटलेला, बुडावरची अक्षरे पुसट झालेली, पितळ वितळल्यासारखे बोल्टच्या तोंडाला चिकटलेले. त्याच पाकिटातल्या आधी झाडलेल्या पुंगळ्यांवर याच खुणा सौम्य रूपात दिसल्या तर लॉटवरचा संशय पक्का होतो. स्क्विबमध्ये पुरावा नळीत असतो: चेंबरपासून काही अंतरावर कड्यासारखा फुगवटा, आणि शेवटची पुंगळी कित्येकदा अगदी साधी. अडचण येते ती गोळी चेंबरच्या अगदी जवळ अडकली असेल तेव्हा. तिथे पाठून आलेल्या काडतुसाचा दाब चेंबरमध्येच वाढतो आणि दोन्हींच्या खुणा एकमेकींत मिसळतात. अशा वेळी नुसता फोटो बघून निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

उत्पादकांमधला वाद इथूनच पेटतो. काडतूसवाला म्हणतो नळीत अडथळा होता किंवा रायफल कमकुवत होती. रायफलवाला म्हणतो काडतूस सदोष होते, किंवा ग्राहकाने घरी भरलेले होते. अमेरिकेत १९१७ साली हाच वाद राष्ट्रीय प्रश्न बनला. ऐन युद्धात स्प्रिंगफील्ड १९०३ रायफली फुटू लागल्या, आणि तपासात त्यातल्या काही काडतुसांच्या बुडाचे पितळ मऊ निघाले. ठपका काडतुसावर ठेवून प्रकरण मिटवता आले असते. पण तपास रायफलीपर्यंत गेला, आणि रिसीव्हरचे, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या भागाचे, पोलाद काचेसारखे ठिसूळ असल्याचे आढळले. मऊ पितळ फाटल्यावर वायू मागे येणारच होता, पण चांगला रिसीव्हर त्याने तडकला नसता, हा चक्काचूर झाला. कारण भट्टीपाशी होते. पोलाद किती तापले हे अनुभवी कामगार रंगावरून, डोळ्यांनी ठरवत. ढगाळ दिवशी जो रंग योग्य वाटे, तोच स्वच्छ उन्हात दिसायला पोलाद ३०० अंश फॅरेनहाइटपर्यंत जास्त तापवावे लागे. मग भट्ट्यांना तापमान मोजणारे पायरोमीटर लागले आणि १९१८ मध्ये पोलादावर दुहेरी उष्णताप्रक्रिया सुरू झाली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ क्रमांकाखालच्या, म्हणजे दहा लाखांहून जास्त रायफली मात्र तशाच संशयित राहिल्या. त्या एकदम मोडीत काढल्या नाहीत; दुरुस्तीला आलेली रायफल पुन्हा वाटायची नाही, एवढेच ठरले. ते नंबर आजही जुन्या रायफली घेणाऱ्यांना पाठ असतात. मला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते यासाठी की सदोष काडतूस सापडल्यावरही तिथे तपास थांबला नाही.

कधी काडतूस चांगले, रायफलही चांगली, पण जोडी जमत नाही. रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये .१७ एचएमआर या मापाच्या काडतुसाची ५९७ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल परत मागवली. हे काडतूस सेमी-ऑटोमॅटिकसाठी योग्य नाही, असे काडतूस पुरवणाऱ्यानेच कळवले होते. रेमिंग्टनने दुरुस्ती करून देण्याचा प्रयत्नच केला नाही. रायफल घेऊन तिच्या बदल्यात दुसऱ्या बंदुकीच्या खरेदीवर सवलतीचे कुपन दिले आणि आपल्या नावाची त्या मापाची काडतुसेही परत घेतली. ग्राहकाच्या पैशांचे समाधान झाले असेल-नसेल, पण बाजारातून धोका काढून घेण्याचा हा सरळ मार्ग होता.

असे रिकॉल अमेरिकेत कंपन्या स्वतःहून करतात, हेही लक्षात घ्यायला हवे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या तिथल्या आयोगाला बंदुका आणि काडतुसांवर अधिकार नाही; कायद्याने ते क्षेत्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. टोस्टर सक्तीने परत मागवता येतो, काडतूस नाही. त्यामुळे कंपनीला जाग आणतात त्या ग्राहकांच्या तक्रारी आणि भरपाईच्या खटल्यांची धास्ती. रिकॉलच्या नोटिशीत लॉट नंबर दिलेले असतात, आणि तो लॉट नंबर फक्त पाकिटावर असतो.

आपल्याकडे बरीच काडतुसे महाराष्ट्रात बनतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या पुंगळीवर ‘केएफ’ आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या पुंगळीवर ‘ओएफव्ही’ असा ठसा असतो. हे सरकारी कारखाने चालवणारे ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्यांत विभागले गेले. दारूगोळ्याची कंपनी म्युनिशन्स इंडिया, तिचे मुख्यालय पुण्यात. त्याआधी २०१९ मध्ये लष्कराने बोर्डाच्या दारूगोळ्यामुळे होणाऱ्या अपघातांबद्दल संरक्षण मंत्रालयाकडे चिंता व्यक्त केली होती. ती तक्रार मुख्यतः तोफा आणि रणगाड्यांच्या गोळ्यांबद्दल होती, पण बोर्डाच्या उत्तराचा सूर ओळखीचा होता: माल तपासणीतून पास होऊनच जातो, आणि अपघाताला साठवणूक, हाताळणी किंवा तोफेतला दोषही कारण असू शकतो. असू शकतो, हे खरे. पण असे म्हणणाऱ्याने प्रत्येक अपघाताचा तपास, लॉट नंबरासकट, जखमी जवानाच्या युनिटपुढे ठेवला पाहिजे. नुसती शक्यता मांडून जबाबदारी संपत नाही.

तुमच्या क्लबात असे काही घडले, तर पहिले काम जखमीला दवाखान्यात नेण्याचे. नंतर रायफलीला हात लावू नका. बोल्ट ठोकून उघडू नका, नळीत गज घालू नका. उडालेले तुकडे आणि त्या दिवशीच्या सगळ्या पुंगळ्या, साध्या दिसणाऱ्यासुद्धा, गोळा करून ठेवा. उरलेली काडतुसे त्यांच्या मूळ पाकिटातच राहू द्या आणि पाकिटावरच्या लॉट नंबराचा फोटो काढा. क्लबात त्याच लॉटची पाकिटे आणखी कोणाकडे असतील, तर ती त्याच संध्याकाळी बाजूला काढा. रायफल आणि काडतुसे दोन्ही एकाच कंपनीकडे तपासाला पाठवू नका. काही काडतुसे आणि पुंगळ्या स्वतःकडे ठेवून लेखी पोच घ्या. तपासाचा निकाल आला की त्यात एवढेच आधी बघा: नळी आतून मोजली होती का, आणि त्याच लॉटची उरलेली काडतुसे उघडून त्यातली दारू वजन करून पाहिली होती का.