एस्केप रूमला येताय? मग आधी हे वाचून घ्या

एस्केप रूम म्हणजे खोलीतली कोडी सोडवत, दारं उघडत ठरलेल्या वेळेत पुढे जायचा खेळ. बुकिंग झाल्यावर फोनवर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे "आम्हाला खरंच आत कोंडता का हो?" नाही कोंडत. नाव एस्केप रूम असलं तरी तुम्ही ज्या दारातून आत येता त्याला कुलूप नसतं, कडीसुद्धा नसते, ढकललं की उघडतं, आणि खेळ चालू असताना कधीही, महत्त्वाचा फोन येणार असेल, घुसमटल्यासारखं झालं, किंवा नुसतंच नको वाटलं, तरी सरळ बाहेर या, कुणी कारण विचारणार नाही. आतली जी दारं कोडी सोडवून उघडतात ती इलेक्ट्रोमॅग्नेटवर आहेत, म्हणजे वीज चालू आहे तोवर चुंबक दार धरून ठेवतो आणि वीज गेली की आपोआप सोडतो. त्यामुळे लाइट गेली तर तुम्ही अडकायचं सोडा, उलट सगळी दारं फुकटात उघडतात आणि तुमच्या खेळाचा विचका होतो. (असं झालं तर नवीन वेळ आमच्याकडून.) शिवाय प्रत्येक दाराशेजारी हिरवं बटण आहे, ते कोड्याचा भाग नाही, ते खरंखुरं बाहेर पडायचं बटण आहे, उगाच डोकं लावू नका.

याबाबतीत आम्ही जरा कडक आहोत. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूमला आग लागली आणि वाढदिवस साजरा करायला आलेल्या १५ वर्षांच्या पाच मुली त्यात गेल्या. तेव्हापासून "खरं कुलूप लावा ना, त्याशिवाय मजा नाही" म्हणणाऱ्यांना आम्ही हसून पण ठाम नाही म्हणतो. मजा येते, काळजी नको.

खेळ काय आहे

एक मोहीम जंगलात गेली, परत आलीच नाही. तुम्ही त्यांच्या तंबूत पोचता, तिथे त्यांच्या वह्या, नकाशे, पेट्या, एक वायरलेस आणि अर्धवट सोडलेलं काम. ते जे शोधत होते ते तुम्हाला ६० मिनिटांत शोधायचंय. तंबूच्या पुढे काय आहे ते इथे सांगत नाही, पण पुढे आहे एवढं नक्की.

एस्केप रूम हा प्रकार मुळात कॉम्प्युटरवरचा. स्क्रीनवरच्या खोलीत क्लिक करून वस्तू शोधायच्या आणि बाहेर पडायचं असले गेम होते, ते २००७ मध्ये ताकाओ कातो यांनी जपानमध्ये क्योतोला खऱ्या माणसांसाठी खऱ्या जागेत आणले. मग २०११ मध्ये बुडापेस्टला तशी खोली सुरू झाली आणि तिथून युरोपभर पसरलं. आधीच्या खोल्यांमध्ये कुलपंच कुलपं असायची. आता बरंचसं काम लपलेल्या सेन्सरवर चालतं, म्हणजे मूर्ती बरोबर जागी ठेवली की तिच्या तळातलं चुंबक खालचा स्विच ओढतं आणि समोरची भिंत सरकते. आम्ही दोन्ही ठेवलंय, कारण कुलूप "खट्" करून उघडतं तेव्हाचा आनंद सेन्सरला नाही येत.

टीमा हरतात कुठे

आता मुद्द्याचं. आम्ही कॅमेऱ्यावर रोज बघतो, आणि शपथेवर सांगतो, हरणाऱ्या टीमा बुद्धीने कमी पडत नाहीत, बोलायला कमी पडतात. एकाला आठव्या मिनिटाला छोटी पितळी चावी सापडते, तो म्हणतो नंतर लागेल आणि खिशात टाकतो. पुढची वीस मिनिटं बाकीचे चौघं त्या चावीची पेटी हातात घेऊन अख्खा तंबू उलटापालटा करतात, आणि हा पण त्यांच्याबरोबर चावी शोधतोय! काखेत कळसा म्हणतात ते हेच. इकडे आम्ही स्क्रीनसमोर कपाळ बडवून घेतो.

म्हणून पहिला आणि एकमेव मोठा नियम, जे दिसेल ते मोठ्याने बोला. "लाल वही, मागच्या पानावर चार चिन्हं." "तीन आकडी कुलूप, पेटीवर." एवढंच. तुम्हाला ते फालतू वाटेल पण चिन्हं कुठे पाहिली होती ते पलीकडच्या कोपऱ्यातल्या कुणाला तरी माहीत असतं. सापडलेल्या सगळ्या वस्तू मधल्या टेबलावर, खिशात काही नाही. वापरून झालेली वस्तू टेबलाखालच्या खोक्यात टाका. चावी ज्या कुलपाला लागली तिथेच राहू द्या, आमच्याकडे एक चावी एकदाच लागते, हे आत्ताच सांगून टाकतो.

दुसरी गंमत कुलपांची. काही जण कोडं सोडवायच्या ऐवजी आकडे फिरवत बसतात. चार आकडी कुलपात १०,००० जोड्या होतात, एका जोडीला तीन सेकंद धरले तरी सगळ्या फिरवायला आठ तासांच्या वर जातात. तीन आकडी असेल तर १,००० जोड्या, ५० मिनिटं, म्हणजे वेळेत बसतं पण त्या एकाच कुलपात, बाकी मोहीम गेली खड्ड्यात. मात्र तीनपैकी दोन आकडे पक्के माहीत आहेत आणि एकच अडलाय, तर बिनधास्त दहा वेळा फिरवा, ती चिटिंग नाही, ते शहाणपण. तसंच चारही आकडे माहीत आहेत, वेगवेगळे आहेत, फक्त क्रम कळत नाही, तर २४च शक्यता उरतात. एकाने कागदावर लिहायच्या, दुसऱ्याने फिरवायच्या. एकट्याने दोन्ही केलं की कुठली जोडी झाली कुठली राहिली याचा पत्ता लागत नाही, हे आम्ही फार वेळा पाहिलंय.

आणि सगळ्यांनी एकाच वहीवर वाकून उभं राहायचं नाही. आमच्या खोलीत एका वेळी दोन तीन कोडी सोडवता येतात, तेव्हा दोघं दोघं वाटून घ्या. पण उलटं टोकही नको, प्रत्येकाच्या हातात वेगळं कोडं आणि एक ना धड भाराभर चिंध्या. एखाद्यावर पाच सात मिनिटं गेली आणि काहीच हललं नाही तर ते दुसऱ्याच्या हातात द्या. ताज्या डोळ्यांना जे दिसतं ते तुम्हाला दिसत नव्हतं, यात अपमान कसला. ऑफिसच्या टीमांना खास सांगणं, साहेबांनी मध्ये उभं राहून "चला चला, करा" म्हणायचं नाही, साहेबांना पण शोधायला लावा. आणि कोपऱ्यात शांत उभी असलेली जी व्यक्ती हळू आवाजात काहीतरी म्हणतेय ना, तिचं ऐका. बऱ्याचदा तिला उत्तर दहा मिनिटांपूर्वीच सापडलेलं असतं.

हिंट

वायरलेसचं बटण दाबा आणि विचारा. पहिल्यांदा आम्ही फक्त दिशा दाखवतो, मग थोडं जास्त, अगदीच अडलात तर उत्तर. हिंट घेतली म्हणून हरलात असं आमच्याकडे नसतं. उलट चाळीस मिनिटं अभिमानाने तंबूतच बसलेली टीम पुढचं काहीच न बघता घरी जाते, त्याचं आम्हाला वाईट वाटतं, कारण पुढचा भाग बनवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

काय करायचं नाही

जोर लावायचा नाही. दोन बोटांनी हलत नसेल तर ते हलवायचं नाहीये. कशावरही चढायची गरज नाही, छताला, स्विचबोर्डला आणि पिवळं स्टिकर लावलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही, तिथे काही लपवलेलं नाही, देवाशप्पथ. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. आत टॉर्च मिळतो, कागद पेन्सिल मिळते.

दोन ते सहा जण खेळू शकतात, आमच्या मते चार पाच बेस्ट, सहा झाले की एक जण नुसता बघत उभा राहतो. दहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर येऊ शकतात आणि खरं सांगायचं तर खालच्या फळीवरच्या गोष्टी त्यांनाच आधी दिसतात. आत थोडा कृत्रिम धूर आहे, एका ठिकाणी लाइट भराभर चमकतात आणि एक जागा वाकून पार करावी लागते. दमा, फिट, बंद जागेची भीती, गरोदरपण, गुडघे, असं काही असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, तेवढा भाग बंद करता येतो किंवा बाजूचा रस्ता उघडून देतो, बाकीच्यांना कळणारही नाही.

पंधरा मिनिटं आधी या. तुमच्यानंतरच्या टीमसाठी प्रत्येक वस्तू परत जागेवर लावावी लागते, त्यामुळे उशीर झाला तर तो तुमच्याच ६० मिनिटांतून जातो, आम्हालाही ते आवडत नाही पण इलाज नाही. वेळ संपली आणि शोध पूर्ण झाला नाही तर आम्ही आत येऊन राहिलेली कोडी दाखवतो, गूढ अर्धवट ठेवून पाठवत नाही. फक्त मित्रांना उत्तरं सांगू नका.

आणि हो, ज्यांना वाचायला चष्मा लागतो त्यांनी तो आणाच. आत उजेड कमी आहे आणि वहीतलं अक्षर बारीक, मागे एका टीमने ३ ला ८ वाचलं आणि अकरा मिनिटं कुलपालाच शिव्या घातल्या.